कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला

गोव्यातले डिजिटल कलाकार, त्यांची प्रदर्शनं मांडणारे क्युरेटर आणि त्यांना दालनं व पैसा पुरवणारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातला साउंडवाला. जत्रेच्या नाटकांना माइक लावता लावता चाळीसेक वर्षं गेली. कार्तिकापासून चैत्रापर्यंत आमची रात्र पालखी देवळात परतली की सुरू होते आणि पहाटे भैरवीला संपते. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. प्रदर्शनात हात मागे बांधून फिरणाऱ्यांतला मी. आवाजातलं मात्र थोडंफार कळतं, आणि तुम्हांला लिहायचं आहे ते आवाजाबद्दलच.

दोनेक महिन्यांपूर्वी मुलीने मला पणजीला नेलं. ती आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकलेली, असल्या गोष्टींवर तिची नजर असते. म्हणाली, "बाबा, जत्रेच्या नाटकावर कोणीतरी काम केलंय, तुम्ही बघाच." दालनाच्या शेवटच्या खोलीत काळोख होता. मधोमध एक लाकडी खुर्ची, तिच्यावर जरीचा शालू, समोर बल्बांची चौकट असलेला रंगपटातला आरसा. काचेच्या जागी स्क्रीन. स्क्रीनवर एका बाईचा चेहरा हळूहळू उमटायचा, ती एक पद म्हणायची आणि मग मिनिट-दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायची. शेवटी दोन बटणं उजळायची, एकावर ‘खरी’, दुसऱ्यावर ‘खोटी’. कुठलंही दाबा, पाटी एकच यायची: या बाईचा चेहरा आणि आवाज दोन्ही यंत्राने घडवलेले आहेत, तुम्ही विश्वास कशावर ठेवलात? भिंतीवरच्या मजकुरात ‘कृत्रिम माध्यमांची नैतिकता’ असे शब्द मोठ्या अक्षरांत होते.

पद सुरू झालं आणि मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. चेहरा कोणाचाच नव्हता. आवाज माझ्या मावशीचा होता.

मावशी जत्रेच्या नाटकांत कामं करायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे देवळाच्या मांडवात गावचे हौशी लोक मराठी नाटक बसवतात. कोण बसचालक, कोण पोस्टमन, कोण भाटकार. एकेकाळी बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. पुढे नायिकेसाठी बाहेरून नटी आणायची रीत पडली. अशी नटी एका मोसमात पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावं पालथी घालायची. हातात एक ट्रंक, रंगीत तालमीला जेमतेम हजेरी, रात्रभर नाटक आणि सकाळी बिदागी पदराला बांधून पहिली बस. मावशीने तीस वर्षं हेच केलं. तिची ध्वनिमुद्रिका निघाली नाही, रेडिओवर ती कधी गायली नाही. तिचा आवाज शिल्लक आहे तो माझ्या कॅसेटांवर. 2009 साली ती गेली.

पहिले काही क्षण मला आनंद झाला, हे कबूल करतो. डोळ्यांत पाणी आलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मग कान कामाला लागले, ते माझ्या हातात नाही.

आवाजाखाली एक बारीक घूं होती. मांडवात अर्थिंग नीट नसलं की अँप्लिफायर घूं धरतो. वीज पन्नास सायकलची, ती घूंही पन्नासाची. माझ्या जुन्या अँप्लिफायरला ती खोड जन्मभर होती, आणि प्रत्येक कॅसेटवर ती आहे. तुमच्या यंत्राने मावशीचा आवाज शिकताना ती घूंसुद्धा आवाजाचाच भाग समजून शिकून घेतली. ते कळलं असं: खऱ्या मांडवात बाई गायची थांबली तरी घूं थांबत नाही. इथे मावशी श्वासाला थांबली की घूंही थांबत होती.

दुसरी गोष्ट समेची. मावशी समेवर केसभर मागून यायची. चुकून नव्हे, तिची चालच ती. आमचा तबलजी शेवटची मात्रा किंचित रेटून तिच्यासाठी जागा करायचा आणि गालातल्या गालात हसायचा. पुढच्या रांगेतले म्हातारे त्या क्षणाची वाट बघत बसायचे. तुमची बाई समेवर बरोब्बर येत होती. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, प्रत्येक वेळी, घड्याळासारखी. नंतर मुलीने समजावलं: पद गायलेलं कोणा दुसऱ्याच मुलीने असणार, आणि यंत्राने तिच्या गाण्यावर मावशीचा पोत चढवला. म्हणजे तान एकीची, गळा दुसरीचा. त्या दुसऱ्या मुलीचं नाव भिंतीवर कुठे दिसलं नाही. तिलाही माझ्या मावशीसारखंच गुंडाळून ठेवलं होतं.

आता ज्या मुलाने हे काम केलं त्याच्याबद्दल. त्याचं नाव मी घेणार नाही, दालनाचंही नाही. मुलगा सज्जन आहे. वर्षभरापूर्वी घरी आला होता, पानावर बसून जेवला, माझ्या बायकोच्या खतखत्याची दोनदा तारीफ केली. म्हणाला, काका, कॅसेटांना बुरशी येतेय, मी सगळ्या डिजिटल करून देतो, पैसे नकोत. आणि दिल्या की! एका पेन ड्राइव्हवर नीट तारखा घालून, कॅसेटा पुन्हा डब्यात भरून. मला वाटलं, देवमाणूस. त्याला कॅसेटांचं काम करायचं आहे एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि मीही अधिक विचारलं नाही. माझी चूक तिथे आहे, ती मी पदरात घेतो. कॅसेटा परत आल्या. त्यांच्यातून जे काढून घेतलं ते परत आलं नाही. ते अजून कुठल्यातरी संगणकात फाइल होऊन बसलं आहे आणि त्या फाइलला उद्या काहीही म्हणायला लावता येतं.

पण मला सगळ्यांत जास्त लागलं ते पद नव्हे, पदानंतरचं बोलणं.

1996 च्या एका जत्रेतली कॅसेट आहे. नाटक संपलं होतं, उजाडायला आलं होतं. रंगपटात मावशी खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग उतरवत बसली होती. बाहेर खाज्यांची दुकानं आवरत होते, तो फळ्यांचा आवाजही टेपवर आहे. मला हुक्की आली, डेकला माइक जोडून मी तिला विचारलं, तू या नाटकांत आलीस कशी? तिने थोडं सांगितलं. पहिलं नाटक, पहिली बिदागी, कोणा पेटीवाल्याने शिकवलेली दोन पदं. मग मी विचारलं, घरचे काय म्हणाले? तुझे वडील? तेव्हा टेपवर तेलाच्या बाटलीचं झाकण लावल्याचा आवाज येतो आणि ती म्हणते, "तें बंद कर रे." मी खटका दाबला. पुढे ती जे बोलली ते माझ्यापाशी आहे, टेपवर नाही. ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुमच्या आरशातली बाई नेमकं तेच सांगत होती! घर, बाप, समाजाने काय केलं, रंगभूमीने कसं सावरलं. अर्थात ते खरं काहीच नव्हतं. कोणीतरी लिहिलेलं होतं, कदाचित तेही यंत्रानेच. "मला घर नव्हतं, मला प्रकाश होता," असलं एक वाक्य होतं. मावशी असलं वाक्य रंगमंचावर म्हणाली असती तर पुढच्या रांगेतून शिट्टी आली असती. आणि बोलणं होतं स्वच्छ मराठीत. घरात, रंगपटात, बसच्या थांब्यावर मावशी मराठीत कधी बोलली नाही. मराठी ही तिची तोंडाला रंग लावलेली भाषा. रंग उतरला की कोकणी. हे गोव्यातल्या कोणाही नाटकवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

जिथे तिने बंद कर म्हटलं, तिथून पुढे तुम्ही तिला बोलायला लावलं. आणि ते "तें बंद कर रे" हे तीन-चार शब्दही त्या यंत्राने शिकून घेतलेच असणार. नकारसुद्धा नमुना म्हणून वापरला गेला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला शब्द सुचत नाही.

घरी आल्यावर मी मुलीच्या मागे लागलो की बाकीच्या जगात हे लोक कसं करतात ते दाखव. आम्ही दोघं आठवडाभर रात्री तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. मला वाटलं होतं की सगळंच असं असेल. तसं नाही. म्हणूनच हे पत्र रागाने फाडून न टाकता पुरं करतोय.

2019 साली बिल पोस्टर्स आणि डॅनिएल हाउ या दोन कलाकारांनी फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गचा बनावट व्हिडिओ केला. त्यात तो लोकांची माहिती हातात असलेल्या एका माणसाच्या ताकदीबद्दल बोलतो. तो व्हिडिओ त्यांनी झुकरबर्गच्याच कंपनीच्या इन्स्टाग्रामवर टाकला, आणि कंपनीने तो काढला नाही. इथे मला एकदम पटलं. ज्याच्या तोंडी शब्द घातले तो जगातल्या बड्या धेंडांपैकी एक. त्याला उत्तर द्यायचं तर सगळं जग ऐकायला बसलेलं. सोंग आणलं ते राजाचं, आणि राजाच्याच दरबारात. आमच्या दशावतारात संकासुर हेच करतो.

त्याच वर्षी फ्रान्सेस्का पनेटा आणि हॅल्सी बर्गंड यांनी अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना बोलतं केलं. 1969 मध्ये चंद्रावर उतरलेली माणसं परत येऊ शकली नाहीत तर राष्ट्राध्यक्षांनी काय बोलावं, याचं भाषण निक्सनचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी खरोखरच लिहून ठेवलं होतं. माणसं सुखरूप परतली, भाषण कपाटात राहिलं. या दोघांनी एका नटाकडून ते म्हणवून घेतलं, त्यावर निक्सनचा आवाज आणि ओठांची हालचाल बसवली. प्रदर्शनात त्यांनी त्या काळची बैठकीची खोली मांडली आणि तिथल्या जुन्या टीव्हीवर ते दाखवलं. शिवाय हे कसं केलं तेही लोकांसमोर उघडं ठेवलं. बघा, शब्द खरे, त्याच माणसासाठी लिहिलेले; फक्त प्रसंग घडला नाही. नटाचं नावही दिलेलं. मला वाटतं, साउंडवाल्याच्या नजरेने यात फटी दिसतील, पण लबाडी दिसत नाही.

केट क्रॉफर्ड आणि ट्रेव्हर पॅगलेन यांचं 2019 चंच एक काम मुलीने दाखवलं. इमेजनेट म्हणून फोटोंचा एक प्रचंड साठा आहे, संगणकांना बघायला शिकवण्यासाठी इंटरनेटवरून गोळा केलेला. त्यातल्या माणसांच्या फोटोंना कसली कसली लेबलं चिकटवली होती ते या दोघांनी लोकांना दाखवलं. कसं? बघणाऱ्याने स्वतःचा फोटो द्यायचा, आणि त्या साठ्यावर शिकलेलं यंत्र त्याला काय म्हणतं ते वाचायचं. कोणाला चांगलं म्हणे, कोणाला भलतंच. गाजावाजा झाला आणि इमेजनेटवाल्यांनी माणसांचे 6 लाख फोटो काढून टाकतो असं जाहीर केलं. इथेही पणाला लागतो तो बघणाऱ्याचा स्वतःचा चेहरा, आणि तोही तो आपणहून देतो.

आणि हॉली हर्नडन. ही गाणारी बाई आहे. 2021 मध्ये तिने स्वतःच्याच आवाजाचं यंत्र बनवलं आणि लोकांना सांगितलं, घ्या, माझ्या गळ्याने गा. ज्याला जे गायचं ते तिच्या आवाजात गाऊ शकतो. हे बघून मी हसलो. आमच्याकडे एखादा नट म्हातारा झाला की आपल्या भूमिकेचा शालू, अंगरखा, तलवार पुढच्याच्या हातात देतो, तसलं काहीतरी. देणारा जिवंत आहे आणि आपल्या हाताने देतो आहे. मग पुढे काय वाटेल ते होवो.

ही सगळी कामं एका रांगेत ठेवून मी माझ्या मावशीकडे बघितलं. पहिल्यात ज्याचं सोंग आणलं तो बलाढ्य. दुसऱ्यात राष्ट्राध्यक्ष. तिसऱ्यात बघणारा स्वतः. चौथ्यात कलाकार स्वतः. आणि पणजीतल्या त्या खोलीत? बिदागीवर जगलेली, उत्तर द्यायला आता हयात नसलेली, गोव्याबाहेर कोणाला ठाऊक नसलेली बाई. खोट्या आवाजाच्या धोक्याबद्दल जगाला सावध करायचं होतं तर तिचाच आवाज का? ती कोर्टात जाणार नाही म्हणून? की तिचं ‘दुःख’ दालनाच्या भिंतीला शोभतं म्हणून? मला दुसऱ्याचीच जास्त शंका आहे. कलावंत बायकांचं दुःख हे गोव्यात दर चार वर्षांनी कोणाच्या ना कोणाच्या कामी येतं.

कायद्याचं मी विचारलं. वकील मित्र आहे, त्याने फी घेतली नाही म्हणून उत्तरही अर्धवट दिलं असेल. 1996 च्या प्रयोगावर कलावंत म्हणून तिचे हक्क आहेत, 50 वर्षांचे. 2012 च्या दुरुस्तीनंतर तिच्या गायनाची मोडतोड करून तिची अब्रू घालवता येत नाही असंही कलम आहे. पण तुम्ही तिचा प्रयोग वाजवलेलाच नाही. तुम्ही फक्त गळा घेतला. गळ्याबद्दल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याचं खंडपीठ पर्वरीला आहे, 2024 मध्ये अरिजित सिंगला संरक्षण दिलं. यंत्राने त्याचा आवाज काढून विकणाऱ्यांना आवरलं. पण तो अरिजित सिंग. त्याच्या आवाजाला बाजारात किंमत आहे, म्हणून नुकसान मोजता येतं. आणि मेलेल्यांचं काय? सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं की असले हक्क माणसाबरोबरच संपतात. आता फेब्रुवारी 2026 पासून यंत्राने बनवलेल्या आवाजा-चित्रांवर तशी ठळक खूण हवी असा समाजमाध्यमांसाठी केंद्राचा नियम आहे. खूण तुमच्या दालनातही होती. बटण दाबल्यावर का होईना, होती. खुणेने बघणाऱ्याची फसवणूक टळते हे खरं. ज्याचा आवाज घेतला त्याचं त्या खुणेत काय आहे?

एक गोष्ट लपवून हे पत्र पाठवलं तर मीही लबाड ठरेन. मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ, वास्कोला असतो. मी त्याला हे सगळं तावातावाने सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आला आणि फोनवर रडत होता. म्हणाला, "आवयचो ताळो परत आयकूंक मेळ्ळो." आईचा आवाज परत ऐकायला मिळाला. त्याने खोलीत चोरून रेकॉर्ड केलं आणि घरच्या ग्रुपवर पाठवलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. म्हणजे तुम्ही त्याला विचारलं असतं तर तो आनंदाने हो म्हणाला असता. ए. आर. रहमान यांनी 2024 मध्ये बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने परत आणले, तेव्हा घरच्यांची परवानगी घेतली, मानधनही दिलं. माझा मावसभाऊ हाच दाखला मला देतो. माझ्यापाशी त्याला उत्तर नाही. त्याला आई हवी आहे. मी कोण त्याला अडवणारा, नुसता भाचा आणि साउंडवाला? तरी ती टेप माझ्या हातात होती, आणि बंद कर हे तिने मला सांगितलं होतं, त्याला नव्हे. तो तेव्हा बाहेर मांडवात आडवा पडून झोपला होता.

तंत्राला मी नावं ठेवत नाही, तसं कोणी समजू नये. माझा धंदाच आवाज लांब नेण्याचा. कर्णे होते तेव्हा लोक म्हणायचे नाटकाचा सत्यानाश झाला, मग वरून माइक टांगायला लागलो तेव्हा म्हणाले नट आळशी झाले. आणि सोंगाचं म्हणाल तर आमची सगळी जत्राच सोंगावर चालते. मिशा उतरवून शालू नेसलेला पोस्टमन द्रौपदी होतो, आणि सगळा गाव हुंदके देतो. पण तो तिथे उभा असतो, घामाने रंग ओघळत असतो, चुकला तर त्याला चणे मारता येतात. सकाळी तो पत्रं वाटायला दारात येतो तेव्हा कोणी त्याला द्रौपदी म्हणत नाही. सोंग आणणारा आपलं अंग घालतो. तुमच्या आरशात अंग कोणाचं होतं?

आमच्या तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, सूरश्री. आकाशवाणीपासून त्या दूर राहिल्या, ध्वनिमुद्रिकाही मोजक्याच. आपला आवाज कुठे, कोणापुढे आणि किती जावा हे त्या स्वतः ठरवायच्या, आणि त्यांच्या त्या ठरवण्याच्या गोष्टी इथे अजून सांगतात. त्यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, 1977 मध्ये व्हॉयेजर अवकाशयानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. 5 सप्टेंबरला व्हॉयेजर 1 उडालं, 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आता सूर्यमालेच्या पार गेलंय म्हणतात. पण तिथेही जे गेलं ते त्यांनी गायलेलंच, साडेतीन मिनिटांचं. न गायलेलं एक अक्षर त्या तबकडीवर नाही.

तर मागणं काय, ते सांगतो. यादी करायची मला सवय नाही, साउंडचं बिलसुद्धा मी तोंडीच सांगतो.

पहिलं म्हणजे त्या खोलीतली पदानंतरची बडबड काढा. पद राहू द्या, मावसभावासाठी. पण ज्या मुलीने खरं गायलं तिचं नाव दारावर लावा, मावशीच्या नावाच्या वर लावलंत तरी चालेल. मावशीचं नाव लावण्याआधी तिच्या मुलाला विचारा. तो हो म्हणेल, पण विचारा. ती आवाजाची फाइल कोणापाशी आहे, किती जणांपाशी आहे आणि प्रदर्शन संपल्यावर तिचं काय करणार, हे मला कागदावर द्या. माझ्यासमोर पुसून टाकलीत तर उत्तम. तुम्ही म्हणाल पुसल्याची खात्री काय? खात्री नाहीच. तुमच्या शब्दावर जाईन. याआधीही गेलो होतो.

क्युरेटर मंडळींना वेगळं सांगतो. कोणी जुन्या आवाजांवर, जुन्या फोटोंवर यंत्र चालवून काम आणलं, तर त्याला एवढंच विचारा: या माणसाने जिवंतपणी कशाला नको म्हटलं होतं ते तुला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर आधी ते शोधून ये. गावात कोणी ना कोणी सांगणारं असतं. पेटीवाला असतो, रंगभूषावाला असतो, देवळाचा कारकून असतो. या शोधात सहा महिने जातील आणि प्रदर्शनाची तारीख चुकेल. चुकू दे. आमची नाटकंही कितीदा पहाटे तीनला सुरू झाली आहेत.

त्या मुलालाही निरोप आहे. बाबा, तुझ्यावर माझा राग आहे, पण घर तुला बंद नाही. तू आवाज शोधणारा आहेस, ते मला दिसलं. उरलेल्या दोनशेच्या वर कॅसेटा अजून आहेत. त्यांत पेट्या आहेत, तबले आहेत, प्रॉम्प्टरची कुजबुज आहे, एकदा पडदा अडकून पडला तेव्हा अख्ख्या गावाने केलेला गलका आहे. तुला यंत्रच शिकवायचं असेल तर त्याला माझी घूं शिकव, ती मी तुला लिहून देतो. माझा आवाजही घे हवा तर. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ एवढंच त्याला येतं, चाळीस वर्षांचा नमुना मिळेल.

पण आधी येऊन 1996 ची ती कॅसेट ऐक. फाइलवर नको, डेकवर. दुसरी बाजू, शेवटची काही मिनिटं. डेकचा पट्टा ढिला झालाय, तेव्हा पळवायची नाही, सुरुवातीपासून लावायची. तेलाच्या बाटलीचं झाकण ऐकू येईल, मग ती बोलेल, मग खटका. खटक्यानंतर टेप कोरी आहे. तीही संपेपर्यंत ऐकायची, मध्ये उठायचं नाही.

चहा मी करतो.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक साउंडवाला